नामंजूर नकाशाचा रुमाल

सामंतांच्या खिशातल्या रुमालावर कायम एखादा नामंजूर झालेला रस्ता असायचा. घाम टिपायला त्यांनी रुमाल उलगडला की मधोमध फिकट करडी रेघ दिसायची, कधी एखाद्या विहिरीचं वर्तुळ, कधी कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. आमच्या कचेरीत नकाशाची पक्की प्रत काढायची ती कांजी दिलेल्या निळसर, चकचकीत कापडावर. वरच्या साहेबांनी नकाशा नामंजूर केला की ते कापड टोपलीत जाई, आणि टोपलीतून सामंतांच्या पिशवीत. खोलीवर नेऊन ते कढत पाण्यात भिजत घालायचे. कांजी निघून गेली की आतून इतकी मऊ मलमल निघायची की दुकानात तसली मिळू नये. शाई तेवढी पुरती जात नसे. कुणी हसलं तर म्हणायचे, "नकाशो नामंजूर झालो, कापडान काय गुन्हो केल्यान?"

फाळणी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. उपनगरांत जिथे तिथे निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि त्यांच्यासाठी वसाहतींचे आराखडे करणारी एक कचेरी घाटकोपरला होती. तिथे मी ट्रेसर म्हणून लागले. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर कापड ठेवून शाईने त्याच रेघा पुन्हा काढायच्या. आमचं घर मुलुंडचं, दोन पिढ्यांचं. वडील फोर्टात हेडक्लार्क. मुलगी नोकरीला लागली याचं त्यांना कौतुक होतं, कामाचं नव्हतं. "आपल्याच नळाला पाणी येईना, त्यात ही गर्दी. आणि त्यांना इथे कायमचं बसवायचं काम आमची मुलगी करणार! वा!" असं ते पहिल्या दिवशी चहा पिताना म्हणाले, आणि त्यानंतर बरेच दिवस रोज म्हणाले.

सामंत आमचे सर्व्हेअर. सडपातळ, काळेसावळे, डोक्यावर उन्हाने रंग उडालेली टोपी, काखेत छत्री आणि हातात मोजणीची वही. वय पन्नाशीकडे झुकलेलं. पहिल्याच आठवड्यात मी चाळीचा एक नकाशा ट्रेस केला. रेघ कुठे थरथरली नव्हती, शाईचा ठिपका पडला नव्हता, अक्षर छापल्यासारखं. मी मनात फुगून बसले होते. सामंतांनी तो उजेडात धरला, सावकाश पाहिला आणि विचारलं, "ह्या खोल्यांत राहणार कोण?"

"निर्वासित," मी म्हटलं.

"नाव काय त्यांचं?"

आता मला नाव कुठून ठाऊक असणार! ते म्हणाले, "उद्या छत्री घेऊन ये, बाय. साईटवर जाऊया." ट्रेसरने, त्यातून बाईमाणसाने, साईटवर जायची आमच्याकडे पद्धत नव्हती. सामंतांनी कुणाला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे मुलुंडच्या डोंगराकडच्या छावणीत उन्हातून चालत होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते.

छावणी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. लष्कराच्या लांबच लांब जुन्या बराकी, आत गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे बांधून केलेली बिऱ्हाडं. पत्र्यांना भोकं. पावसाळ्यात कुठे कुठे गळतं हे दाखवायला बायकांनी जमिनीवर खडूने गोल काढून ठेवले होते, कारण तिथे भांडी ठेवायची. चाळीस बिऱ्हाडांची तिथली बराक सर्वांत वाईट होती, आणि पुढचा पावसाळा यायच्या आत त्या चाळिसांना नव्या चाळींत हलवायचं असं ठरलं होतं.

बराकीत सगळ्यांवर एका म्हाताऱ्या सिंधी बाईंचा वचक होता. सगळे त्यांना दादी म्हणत. सामंतांनी त्यांच्यापुढे जमिनीवर कच्चा नकाशा पसरला. ही तुमची खोली, हा ओटा, ही मोरी. दादींनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, कागज पे घर तो अच्छा है. पापड किधर सुखायेंगे?"

त्या बराकीतल्या निम्म्या बायका पापड लाटून घर चालवत होत्या. खाटांवर, पत्र्यावर, धुण्याच्या दगडावर, जिथे ऊन पडेल तिथे पापड. सामंतांनी मोजणीची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं, 'पापड, उन्हाची जागा.' पुढची पानं साखळीने मोजलेल्या फुटांची आणि मागची पानं अशा गोष्टींची. परत येताना मी म्हटलं, "साहेब, याला नकाशात जागा कुठे आहे?"

"सध्या नाय," ते म्हणाले. "म्हणून तर लिहून ठेवलंय."

'निर्वासित' हा शब्द त्यांना आवडत नसे. "किती वर्षं त्यांना निर्वासित म्हणणार? मी वीस वर्षं मुंबईत आहे. बिऱ्हाड मालवणाकडे, मी परळला गाववाल्यांच्या खोलीत आठ जणांत. मग माका काय म्हणशील?" त्यांची बायको गावी शेत आणि सासूला सांभाळत होती. वर्षातून एकदा गणपतीला सामंत जायचे तेवढंच. मुंबईत जागा नव्हती, म्हणून ती कधी आलीच नाही.

नव्या आराखड्यात मात्र त्यांच्यासाठी जागा निघाली होती. खोल्यांच्या तीन ओळी, आणि वरच्या अंगाला खडकाळ चढावर वसाहतीच्या आणि तिच्या पाण्याच्या पंपाच्या देखरेखीसाठी ओव्हरसियरचं क्वार्टर. ते काम सामंतांकडे यायचं पक्कं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. पक्की प्रत काढताना ते माझ्या टेबलापाशी दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले आणि घसा खाकरून म्हणाले, "त्या वरच्या चौकोनाची रेघ जरा जाड काढ गो." का ते मी विचारलं नाही. मी तो चौकोन दोनदा गिरवला. ते लाजल्यासारखे हसले. त्या महिन्यात त्यांनी बायकोला मुंबईत कोणती भाजी मिळते ते पत्राने कळवलं होतं, हे मला त्यांनीच सांगितलं.

नकाशा मंजूर होऊन आला. दिवाळी उलटल्यावर सामंत, मी, आमचे इंजिनियर साहेब आणि मजूर जागेवर गेलो. चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा आखायच्या होत्या. दोन ओळी झाल्या. तिसरी ओळ होती ती गावाकडच्या बाजूच्या सपाट जागेवर. नकाशात त्या जागेवर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'मोकळी जागा.' तिथे पोचलो तर त्या मोकळ्या जागेच्या मधोमध एक लाकडी खांब उभा होता आणि खांबाला टेकून गावचे धर्मा भोईर बसले होते. मागे पंधरा-वीस गावकरी. जमीन खरवडून, चोपून, शेणाने सारवून आरशासारखी केलेली.

"सायेब, ह्यो आमचा खला हाय," भोईर म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "सगल्या गावाची मलनी हितं होते. आमी उठनार नाय."

ते गावाचं खळं होतं. भाताचे भारे शेतातून तिथे यायचे, खांबाभोवती बैल फिरवून मळणी व्हायची. कार्तिकापासून पौषापर्यंत तिथे उभं राहायला जागा नसे. आमची मोजणी झाली होती मे महिन्यात. तेव्हा खांब काढून ठेवलेला, सारवण उडून गेलेलं, नुसतं सपाट रान. मोजणीच्या वहीत ते मोकळंच दिसणार.

तोवर छावणीतली माणसंही जमली. आपली घरं अडवतात म्हटल्यावर तीही तापली. दोन्हीकडून आवाज चढले. कुणीतरी फक्कीच्या पाट्या लाथाडल्या. साहेब म्हणाले, "सामंत, पोलीस बोलवा. नकाशा मंजूर आहे."

सामंतांचं लक्ष नव्हतं. ते खांबाशी उकिडवे बसून शेणाच्या सारवणावरून हात फिरवत होते. मग उठले आणि त्या सगळ्या गलक्यात मोठ्याने म्हणाले, "माझा चुकला."

गलका थांबला. सरकारी माणसाच्या तोंडून हे शब्द त्या लोकांनी पूर्वी ऐकले नसावेत. आम्हीही ऐकले नव्हते.

"मी शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी बैलांमागे फिरलोय. पण आमच्याकडे खळं घराच्या दारात असतं, ज्याचं त्याचं. इथे मी प्रत्येक घरासमोर बघितलं, दिसलं नाही. मला वाटलं, मळणी शेतातच उरकत असतील. घरांपासून लांब, सगळ्या गावाचं मिळून एक खळं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी कुणाला विचारलं नाही. दादींना विचारलं पापड कुठे वाळवता, तुम्हाला काही विचारलंच नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी भोईरांकडे बघून म्हटलं. मला सामंतांची फार दया आली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

कचेरीत परतल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं, पण पार्टिशन पातळ होतं. नकाशा बदलायचा तर मंजुरी नव्याने, मंजुरीला उशीर तर पावसाळ्यापूर्वी घरं नाहीत. चाळीस बिऱ्हाडं आणखी एक पावसाळा त्या भोकांखाली काढणार. त्यापेक्षा गावाने खळं दुसरीकडे करावं. सामंत म्हणाले, "साहेब, दुसरीकडे कुठे? सगळी भातखाचरं आहेत. आज खळं घेतलं तर ही दोन गावं जन्मभर एकमेकांकडे पाठ करून बसतील. मला आठ दिवस द्या. खोल्या चाळीसच्या चाळीस राहतील आणि तारीखही तीच राहील."

"आणि चूक कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या. दुसऱ्या कोणाच्या लिहिणार?"

त्या आठ दिवसांत मी सामंतांना बसलेलं पाहिलं नाही. सकाळी गाव, दुपारी छावणी, संध्याकाळी माझं टेबल. भोईरांना विचारलं, खळं कधी लागतं, कधी सुटतं. दादींना विचारलं, पापडांचा जोर कधी असतो. उत्तरं वहीच्या मागच्या पानावर. चौथ्या दिवशी त्यांनी एका कागदावर बारा खणांची पट्टी आखली. चैत्र, वैशाख असे महिने घातले. कार्तिक ते पौष खळं. फाल्गुन ते ज्येष्ठ पापड. मधले पावसाचे महिने रिकामे. पट्टी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "जागा एकच आहे गो, बाय. महिने वेगळे आहेत. आपल्या नकाशाला महिनेच नसतात, तिथेच घोटाळा होतो."

म्हणजे खळं तसंच राहणार, गावाचं. मळणी सुटली की त्यावर पापड. दादींच्या पापडांना अखेर जागा सापडली होती. आता प्रश्न उरला तिसऱ्या ओळीचा. ती जाणार कुठे?

सामंतांनी पेन्सिल उचलली आणि वरच्या खडकाळ चढावर ओळ आखली. ती नेमकी क्वार्टरवरून गेली.

"अहो, क्वार्टर!" मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"ते खाली आणू. खळ्याच्या कडेला बसेल."

"मग गाडी वळणार खंय? भारे भरलेली बैलगाडी तिथेच वळते. मी उभा राहून बघितलंय."

"पण मग तुमची..."

"पंपावर देखरेखच करायची ना? येईन परळहून. ट्रेस कर."

मी टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून बसले. जो चौकोन दोनदा गिरवला होता तो वगळून बाकी सगळं काढायचं, एवढं साधं काम मला होईना. डोळ्यांत पाणी आलं तर कापडावर पडेल आणि कांजीवर डाग उठेल याचीच भीती. सामंतांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. कुठल्याशा नामंजूर रस्त्याने मी डोळे पुसले आणि तिसरी ओळ काढली.

खडकावर पाया घ्यायचा म्हणजे काम वाढणार, तारीख कशी गाठणार, हे साहेबांनी लगेच हेरलं. सामंतांनी त्याचंही बघून ठेवलं होतं. मळणी उरकल्यावर भोईरांनी गावातल्या गाड्या दगड वाहायला दिल्या. छावणीतले पुरुष कामावरून आल्यावर आणि रविवारी दगड चढवू लागले. पहिल्या दिवशी गाडीवाले आणि छावणीवाले एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भांडले. दहाव्या दिवशी पुन्हा भांडले, पण या वेळी दोघे मिळून गवंड्याशी. सामंत म्हणाले, "झकास. आता काम होतलां."

साहेबांनी नव्या नकाशावर सही मिळवून आणली, त्यांनाही खरं तर वाईट वाटत होतं. महिन्यांच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हे नकाशावर कशाला? हे काही मोजमाप नाही." सामंत म्हणाले, "राहू दे साहेब. पुढे कुणीतरी मे महिन्यात मोजायला येईल." पट्टी राहिली. मोजणीतल्या चुकीची नोंदही राहिली, त्यामुळे सामंत त्यानंतर त्याच हुद्द्यावर राहिले. बढती झाली नाही.

मिरगाच्या आठ दिवस आधी चाळीस बिऱ्हाडं नव्या खोल्यांत गेली. तो दिवस मी पाहिला. दादी आधी खोलीत शिरल्या नाहीत. खळ्यावर गेल्या, चपला काढल्या आणि जमीन किती तापली आहे ते तळव्याने बघितलं.

पुढे सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं मी म्हणणार नाही. गावच्या कोंबड्या पापडांवरून चालल्या म्हणून दोनदा जुंपली. एकदा शेण सारवलेलं वाळायच्या आत कुणी खाट टाकली म्हणून भोईरांच्या सूनबाईंनी खाटच उचलून नेली. पण पुढल्या वर्षी पापडांवर राखणीला गावातल्याच म्हाताऱ्या बसू लागल्या आणि मळणीच्या वेळी चाळींतून चहाची किटली येऊ लागली. माझे वडील भाजलेला पापड मोडत म्हणायचे, "या लोकांना इथे आणून बसवलं कुणी?" आणि दुसरा घ्यायचे.

सामंत परळहून मुलुंडला पंप बघायला येत राहिले. रिटायर झाले तेव्हा त्यांची सगळी चीजवस्तू एका ट्रंकेत मावली. निरोपाला मी काहीबाही बोलले असेन. ते म्हणाले, "कुणाच्या घराची रेघ काढशील तर त्याचं नाव विचारून काढ. आणि शेजाऱ्याचंही विचार. मी ते विसरलो होतो." एवढं बोलून ते बोटीने गावी गेले.

दोन वर्षांनी मालवणाहून एक पुडकं आलं. आत घडी केलेली मलमल आणि कार्ड. कार्ड तिथल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं होतं, मजकूर सामंतवहिनींचा. 'हे गेल्या महिन्यात वारले. ट्रंकेच्या तळाशी हे कांजीचं कापड होतं. बाकीच्यांचे रुमाल केले, हे एकच त्यांनी धुतलं नव्हतं. त्यांची सवय म्हणून मी धुतलं, कडेने टीप घातली. तुमचं नाव ते काढत, म्हणून तुम्हांस पाठवते. वरच्या कोपऱ्यात काळा चौकोन आहे तो काही केल्या जात नाही. तीनदा राख लावून घासलं. कसला डाग आहे समजत नाही. राग मानू नये.'

मी रुमाल उलगडला. माझ्याच हातच्या रेघा, धुऊन करड्या झालेल्या. दोन ओळी, खळ्यावरची तिसरी ओळ, माझ्या वळणदार अक्षरातलं 'मोकळी जागा' जवळजवळ पुसलेलं. आणि वर कोपऱ्यात, दोनदा गिरवलेला, तो चौकोन.

ज्या बाईने तीनदा राख लावून तो घासला, तिला काय लिहावं हे मला दोन दिवस सुचेना. 'शाईचा डाग आहे' असं लिहून मोकळी झाले असते तर कुणाला कळणार होतं? पण माझ्या डोळ्यांपुढे, भर गलक्यात 'माझा चुकला' म्हणणारे सामंत उभे होते. तिसऱ्या दिवशी मी कार्ड घेतलं आणि लिहिलं:

'वहिनी, तो डाग नाही. ते तुमचं घर आहे. दोन खोल्या आणि पुढे पडवी. त्यांनी ती रेघ माझ्याकडून जाड काढून घेतली होती. त्या जागी आता चौदा बिऱ्हाडं राहतात. रुमाल परत पाठवते आहे. कृपा करून पुन्हा घासू नका.'